पंधरा दिवसांचा कागद

थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यामागोमाग किरणोत्सारी आयोडीनची गोळी. हॉस्पिटलमधून सोडताना तिथल्या बाईंनी हातात कागद दिला. वेगळी खोली, वेगळं ताट, दोनदा फ्लश आणि लहान मुलापासून पंधरा दिवस लांब. माझी मुलगी पाच वर्षांची. घरी आल्या आल्या कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाला पेनानं गोल केला आणि विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत शिरले.

सासूबाईंना कागद वाचून दाखवावा लागला नाही. "म्हणजे बाजूला बसायचं ना," त्या म्हणाल्या.

पाळीत बाजूला बसणं मी लग्नानंतर भांडून बंद पाडलं होतं. आता ते डॉक्टरांच्या सहीनं परत आलं. त्या ताट दारातून सरकवायच्या, पाणी वरून ओतायच्या, मी हात लावलेल्या कडीवर गोमूत्र शिंपडायच्या. किरणांवर गोमूत्र! मला हसू आलं, रागही आला. फक्त दोनदा फ्लश त्यांना पटेना. "टँकरचं पाणी आहे. एकदाच कर." हॉस्पिटलच्या बाईंनी सगळ्यात जास्त बजावलं होतं ते नेमकं हेच. पण त्यात पाणी जात होतं.

नवरा म्हणाला, "थोडेच दिवस आहेत, घे ना चालवून." हे वाक्य मला लग्नापासून पाठ आहे.

मुलगी दारापासून दोन फरशा सोडून बसायची. तिथून चित्रं दाखवायची आणि रोज विचारायची, "आज?" मी म्हणायचे, "आज नाही गं बाळा." त्या एका गोलावर मी दिवस काढले.

सोळाव्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हाले, धुतलेला गाऊन घातला आणि हॉलमध्ये येऊन हात पसरले. "आज!" मी म्हटलं. ती उठली. एक फरशी पुढे आली आणि थांबली.

"थांब हं, आजीला विचारून येते."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "राहू दे गं सोने आणखी थोडे दिवस. कागदाला काय कळतंय?"

नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. माझे हात अजून पसरलेलेच होते. मुलगी बाहेर आली, माझ्या पायांपासून दोन फरशा मोजल्या आणि खाली बसली.