उजव्या हाताच्या बांगड्या

रखमाच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या दिसल्या आणि वरळीच्या अख्ख्या कोळीवाड्याला बोलायला विषय मिळाला. नवऱ्याचं वर्षश्राद्धही झालेलं नाही, आणि ही बया बांगड्या भरून येते म्हणजे काय?

मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, यायच्या आदल्या सालची ही गोष्ट. कोळणीच्या लग्नात रीतच आहे, नवरी उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडते. म्हणते, या घे, पण माझा माणूस सांभाळ. मग जन्मभर तिनं बांगड्या घालायच्या त्या डाव्याच हातात. रखमानंही तसंच केलं होतं. वैशाखाच्या वादळात तिचा धर्मा बुडाला, माहीमच्या खडकांवर त्याचं प्रेत लागलं, तेव्हा तिनं डाव्या हातातल्या फोडल्या, कुंकू पुसलं. रीतीला कुठं चुकली नाही. आणि आषाढात गिरगावात सुकी मासळी विकायला गेली, ती कासारापुढं उजवा हात धरून आली.

लोकांना काय, चघळायला दुसऱ्याची सून मिळाली की बास! उत्तम तांडेलाची बायको गेलेली, आणि त्यानं एकदा रखमाची टोपली डोक्यावर चढवून दिली होती. झालं, राईचा पर्वत. "त्याच्याशी पाट लावून दुसरा संसार मांडायचाय तिला, दुसरं काय," बायका म्हणाल्या. "बघा ना, रडतपण नाय."

रडत नव्हती हे खरं. तिला राग आला होता. पण कोणाच्याही चेहऱ्यावरून मन वाचणाऱ्या या शहाण्यांना तेवढंच वाचता आलं नाही. सासू काशीबाई, जिचा नवराही दर्यानंच नेला होता, तीसुद्धा तोंड फिरवून बसायची. भाकरी तेवढी पुढं सरकवायची.

शेवटी कुशाबा पाटलानं निवाडा केला. नारळी पुनवेला साऱ्या वाड्यासमोर रखमानं त्या बांगड्या दर्यात टाकायच्या, नाहीतर वाळीत. वाळीत म्हणजे पुनवेनंतर होड्या निघतील, पण तिच्या टोपलीत कोणी बोंबीलही टाकणार नाही. ती आणि म्हातारी, दोघींनी उपाशी मरायचं.

पुनवेला सगळे किनाऱ्यावर जमले. रखमा हात पदराखाली न लपवता आली.

"रखमे, उतरव त्या," पाटील म्हणाला. "कोणासाठी भरल्यास?"

"कोणासाठी नाय, पाटील. माझ्याच हायत. लग्नात या दर्याच्या हवाली केल्या होत्या, धर्माला सांभाळ म्हणून. यानं धर्माही नेला आणि बांगड्याही ठेवल्या. बोली यानं मोडली, मी नाय. माझं मी परत घेतलं."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "बहाणा तरी बघा," एकजण म्हणाली.

रखमा तिच्याकडे वळली. "तुला पटावं म्हणून नाय सांगितलं. पाटलांनी विचारलं म्हणून सांगितलं. आता टाका वाळीत, हात माझा हाय."

पाटील तोंड उघडणार, तेवढ्यात काशीबाई घरचा नारळ घेऊन पुढं निघाली. गर्दीनं तिला वाट दिली. सुनेच्या वतीनं म्हातारी दर्याची माफी मागणार, असंच सगळ्यांना वाटलं. रखमालाही तेच वाटलं, आणि तिनं दात आवळले.

काशीबाई पाण्यापर्यंत गेली. लाट तिच्या पायांवरून गेली. ती वाकली आणि नारळ तिनं खडकावर आपटून फोडला. पाणी वाळूत सांडलं. खोबऱ्याची एक वाटी तिनं रखमाच्या हातात ठेवली.

"खा," ती म्हणाली. "मलाही असाच राग आला होता पोरी, पण माझी छाती झाली नाय. आपल्या घरानं याला दोन माणसं दिली. आता नारळ नाय मिळायचा."

आणि साऱ्या वाड्याच्या डोळ्यांदेखत सासूसून खडकावर बसून दर्याचं खोबरं खाऊ लागल्या.