आपापली चूक, एकच वात

भांडणं विसरली जातात, पण ती मिटतानाचे किस्से साचत जातात. आमच्या वडनेरच्या भजनी मंडळात तर पोतंभर साचलेत!

मंडळाची रीत अशी: दोघींचं वाजलं, की देवीच्या देवळात दोघींनी कापसाचा एकेक पदर काढायचा आणि मिळून एकच वात वळायची. ती जळेपर्यंत तोंड बंद. विझली की आपापली चूक सांगायची. दुसरीची काढली, तर नवी वात!

"देवीले आपली चूक इचारायची," आमच्या मंडळाच्या प्रमुख नलूकाकू म्हणतात. "तिची चूक देवी तिले सांगन."

मंडळात सगळ्यात लहान मी. एम.ए. झालेली, पण शेजारी टाळ जोरात वाजला तरी दचकते. गेले दोन महिने तर त्या दिव्याकडे बघायचीही भीती वाटायची. कारण माझ्यामुळे वहिनी माहेरी जाऊन बसली होती.

* * *

विमलताईच्या शेळीने शारदाताईची मेथी खाल्ली. पहिली वात विझली.

शारदाताई म्हणाली, "मायी चूक एवढीच, का म्या इले माणूस समजली!"

"नवी वात," काकू म्हणाल्या.

दुसरी विझली. विमलताई म्हणाली, "मायी चूक एवढीच, का मायी शेळी इच्या वावरात गेली. मुक्या जनावराले चांगल्या-वाईट मेथीची पारख कुठं असते!"

"नवी वात."

तिसरी विझायच्या आधीच शारदाताईचे डोळे वाहायला लागले. विझल्यावर म्हणाली, "म्या शेळीले दगड मारला. पोटाले लागला. गाभण होती थे."



* * *

काकूंचा ब्लाउज तंग झाला, तेव्हा तो शिवणाऱ्या शबानाभाभींना त्या भर चौकात बोलल्या. आता आली पंचाईत! भाभी काही देवळात येणार नाहीत.

भाभीच म्हणाल्या, "तुमी वात लावा काकू, मी नमाज पढून येते. इचारायचं तं वरच हाय ना!"

तासाभराने देवळाच्या पायरीशी येऊन म्हणाल्या, "कपडा म्या घाईत कापला."

काकू हळूच म्हणाल्या, "अन् माप देल्यावर म्या महिनाभर आमरस हाणला!"

* * *

काकूंचं सुनेशीही एकदा बिनसलं. वात विझली. काकू बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "देवी काही बोलून नाही राह्यली. मायी चूक नसनच."

सुनेने शांतपणे कापूस पुढे केला. "आत्याबाई, नवी वळू का?"

* * *

आता माझं. वहिनीने आणि मी एकाच शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. तिचा मोबाइल बिघडलेला, म्हणून तिने माझा नंबर दिला. शाळेतून फोन आला. मुलाखतीला बोलावलं होतं, पण फक्त तिलाच.

मी सांगितलं नाही.

मुलाखती होऊन गेल्याचं तिला नंतर कळलं. तिने एवढंच विचारलं, "फोन आला नव्हता का वं?" मी केवढ्याने ओरडले! "मी खोटं बोलते का?" दुसऱ्या दिवशी ती देऊळगाव राजाला माहेरी गेली. दादा तेव्हापासून जेवताना मान वर करत नाही.

शेवटी मी काकूंना विचारलं, "दुसरी इथं नसली तर?"

"मंग पदर घेऊन जा तिच्याकडं. देवी काय इथंच बसून असते?"

बुलढाण्याला गाडी बदलून गेले. मुठीतला कापूस घामाने ओला झाला होता. वहिनीच्या आईने दार उघडलं. "ये बाई. पाणी घे आधी."

वहिनी आली. मी मूठ उघडली. तिला आमची रीत ठाऊक होती. घरातल्या कापसाचा आपला पदर तिने काढला आणि माझ्या पदराबरोबर पिळला. देवघरातल्या पणतीत वात ठेवून तिने ती पेटवली. आम्ही दोघी समोर बसलो. देवीला काय विचारायचं तेच मला सुचेना. उत्तर तर मला आधीच माहीत होतं.

तेल संपत आलं. वात तडतडली, आणि मी दचकले!

"वहिनी, फोन आला होता! मीच नाही सांगितला!"

वात अजून जळत होती. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. ओठांवर बोट ठेवलं, पळीभर तेल पणतीत ओतलं, वात थोडी पुढे सारली आणि पुन्हा डोळे मिटून बसली.