तुळसाचं गळू

सन १८६४. मी चोवीस वर्षांचा. बाळापूरजवळच्या एका गावात पाटलाचा सालदार होतो. विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला होता. बोंड खाली पडलं तरी लोक उचलून कपाळाला लावत.

वेचणीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे बाया शेतात सीतादही करतात. पाच खडे मांडायचे, दहीभात शिंपडायचा, मग पहिलं बोंड तोडायचं. माझी बायको तुळसा दह्यात बोटं बुडवायला वाकली, तशी पाटलीणबाई ओरडली, "हात काढ! छातीतून पू गळून राहिला तुह्या. महारोगीण कुठली! माह्या कापसात किडे पाडतं का?"

बाया मागे सरल्या. तुळसाच्या चोळीवर ओला डाग होता. तिनं पदर ओढला आणि बांधावर जाऊन बसली.

पोराचं अंगावरचं दूध तुटून वर्ष झालं होतं. डाव्या छातीत दगडासारखी गाठ. फुटायची, वाहायची, सुकायची. मग शेजारी नवं तोंड पडायचं. डागण्या दिल्या. जळवा लावल्या. वाहणं दिसू नये म्हणून भोकात रुई ठासायचो. सगळे तसंच करत. तुळसा म्हणायची, "एवढा महागाचा कापूस, धनी, अन् तुमी माह्या पुवात घालून राहिले."

संध्याकाळी पाटलानं बोलावलं. ओट्यावर पान लावत बसला होता.

"थे सडेल हाय. माहेरी नेऊन टाक. तुले दुसरी पाहून देतो. बैल बदलतोच ना आपण?"

बसलेले हसले. मी उठून घरी आलो. फार थकलो होतो. पण पुढच्या पंधरवड्यात पाटलाचा कापूस अमरावतीला निघाला. गाडी हाकणारा मीच होतो. गावाबाहेर तुळसाला बोऱ्यांवर चढवलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरानं आधी तिच्या बोटांना, गालांना, पाठीला टोचून पाहिलं. सगळीकडे तिला कळत होतं.

"महारोग नाही," तो म्हणाला. मग काख चाचपली, गाठ हलवून पाहिली. "जिवावरची गाठ वाटत नाही. पण शपथ घेत नाही. ही जुनी सूज आहे. आत पुवाची बिळं झालीत."

चिमट्यानं त्यानं रुई ओढून काढली. काळी, कुजलेली. मागून जे आलं, ते पाहून त्यानंही तोंड फिरवलं.

"तुम्ही इथं बुजवता, म्हणून ते तिथं फुटतं."

चाकूनं त्यानं ती बिळं उघडली. तुळसानं माझं मनगट चावून धरलं, ओरडली नाही. "रोज निंबाच्या उकळलेल्या पाण्यानं धुवायचं. वाहू द्यायचं. वर्ष लागेल. बरं होऊन पुन्हा उठेलही," डॉक्टर म्हणाला.

परत आलो तर पाटील आमच्या दारात.

"माह्या कापसावर बसवलं थिले?"

"महारोग नाई थिले, पाटील. डॉक्टरानं पाहिलं."

"डॉक्टर मोठा का मी? घरात झाकून ठेव. कोणाले दिसली, तर गाव सोडा लागन."

"झाकून झाकूनच सडली थे. आता नाई झाकत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटलाच्या गोठ्यात गेलो नाही. दारापुढे, रस्त्यावरच, तीन दगडांची चूल मांडली. निंबाचा पाला उकळला. पाटलाचा माणूस हाका मारून गेला. उठलो नाही. दाराला घोंगडी टांगून तुळसाला आत बसवलं आणि तिची जखम माझ्या हातानं धुतली. मग जखमेवरच्या पट्ट्या धुऊन-पिळून रस्त्याकडच्या कुडावर वाळत घातल्या. पाटलाच्या शेतावर जाणारी वाट तिथूनच होती.