विहिरीजवळचा लाल ट्रॅक्टर

ती घटना मी आता सोडून द्यावी, असं घरचे म्हणतात. सुटत नाही. आठवली की आरोपीचा राग नंतर येतो, आधी माझा स्वतःचा येतो.

तेव्हा मी सांगलीला सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात कुंडलचे एक निवृत्त सुभेदार समोर येऊन ताठ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"साहेब, पोराचं शेत चोरीला गेलं."

मला वाटलं, बांधाचं भांडण. म्हटलं, "मग तहसीलदारांकडं जा, इथं कशाला?"

"आवं, कॉम्प्युटरमधलं शेत."

मुलगाही फौजेत होता. वर्षभरापूर्वी ड्यूटीवर असताना गाडी दरीत कोसळून गेला. सुट्टीवर आला की बापलेक कॉम्प्युटरवर शेतीचा गेम खेळत. इंटरनेटवर गेम विकणारं एक मोठं दुकान आहे, तिथून त्यानं तो घेतला होता. शेवटच्या सुट्टीत निघताना त्यानं गेममधला लाल ट्रॅक्टर विहिरीजवळ उभा केला आणि म्हणाला, परत आलो की नांगरू. सुभेदारांनी तो ट्रॅक्टर कधी हलवला नाही. रोज चहा झाला की गेम उघडायचे, ट्रॅक्टर बघायचे आणि बंद करायचे. आता पासवर्ड चालत नव्हता.

"दुसरं काय नको मला. त्यो ट्रॅक्टर तेवढा दिसू दे."

पलीकडच्या टेबलावरचे दोन हवालदार खाली मान घालून हसले. मी हसलो नाही, पण मनातून त्यांच्यातलाच होतो. फिर्याद मात्र नीट लिहून घेतली.

आठवड्याभरानं साताऱ्याच्या एका खबऱ्यानं माझ्या मोबाईलवर एक चित्र पाठवलं. तिथला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला गेमची जुनी खाती ग्रुपवर विकायला काढत होता. त्यातल्या एका शेताच्या फाटकावर पाटी होती, 'सुभेदारांचा मळा'. आम्ही त्याच दिवशी साताऱ्याला जाऊन त्याला उचललं. हा मुलाचा कॉलेजातला मित्र निघाला. मुलाच्या माघारी सुभेदारांनी विश्वासानं कॉम्प्युटर त्याच्याकडं दुरुस्तीला नेला होता, तेव्हा यानं पासवर्ड बदलून घेतला.

चौकशीत मारझोडीची गरज पडली नाही. अशी माणसं दारात चप्पल काढतानाच अर्धी कबूल झालेली असतात. खातं अजून विकलं गेलं नव्हतं. त्यानं नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला. मग मी मोठ्या दुकानाला नोटीस पाठवतोय म्हटल्यावर तो खुर्चीतून उठलाच.

"साहेब, ते तेवढं करू नका. दुकानं समदी सारखी नसत्यात. एक बारकं दुकान हाय, तिथं गेम कमी, सवलतबी कमी. पण घेतला की फाईल तुमची. नेट नसलं तरी चालतोय, उद्या दुकान बंद पडलं तरी चालतोय. दुसरं एक हाय, ते गिऱ्हाईक वढायला फुकट गेम वाटतंय. आन् ह्ये मोठं. हितं माल लय, दोस्त समदे हितंच, म्हणून जो तो हितंच जातोय. पण किल्ली त्यांच्याजवळ. आपल्याला नुसती खेळायची परवानगी, तीबी ज्याचं नाव त्याच्यापुरती. खातेदार गेला म्हणून कळलं की खातं बंद करत्यात. पासवर्ड सुभेदारांच्या हातात द्या आन् गप बसा."

"मला तपास शिकवतोस व्हय रं?" मी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, दुकानाकडून पुरावा येऊ नये म्हणून हा नाटक करतोय. चोर खरं बोलू शकतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला सुचलंच नाही.

बँकेच्या फसवणुकीत आम्ही सगळ्यात आधी खातं गोठवायला कळवतो. तीच सवय मी इथं चालवली. ठरलेला मजकूर काढला, तपशील भरले. मेलेल्या माणसाच्या नावाआधी 'मयत' लिहिल्याशिवाय आम्हा पोलिसांचा हात पुढं सरकत नाही. नोटीस इंग्रजीत होती, पण त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द मी तिथंही घातला. कुणी विचारलं नव्हतं, गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधी सांत्वन, मग नियम. खातेधारक हयात नसल्यामुळे खातं कायमचं बंद केलं आहे, त्यातलं जतन केलेलं काहीही परत मिळणार नाही. मी पुन्हा लिहिलं, वरिष्ठांच्या सहीनं लिहिलं, कोर्टाचं पत्र जोडलं. दरवेळी उत्तर तेच.

सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून आले. आरोपी सापडल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं, म्हणून पेढे आणले होते. मी सगळं सांगितलं, माझ्या त्या शब्दासकट. ते पहिल्यांदाच खुर्चीत बसले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी खोटं कुठं लिवलं, साहेब? मयतच हाय त्यो." मग बराच वेळ ते पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "गावाला म्हाईत होतं, पलटणीला म्हाईत होतं. त्या दुकानाला तेवढं म्हाईत नव्हतं. तिथं त्यो अजून होता."

पेढे टेबलावर ठेवून ते गेले. ठाण्यात कुणी त्या पेढ्यांना हात लावला नाही.

आरोपीला शिक्षा झाली आणि गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मी कपाटात उपडं ठेवलं आहे. फिर्यादीला नेमकं काय परत हवंय, हे आधी ध्यानात घ्यावं आणि मग कागद काढावा, एवढी साधी गोष्ट मला निवृत्तीच्या तोंडावर कळली, आणि तीही एका चोरानं स्पष्ट सांगून मी न ऐकल्यावर. त्यानं पासवर्ड चोरला होता, तो त्यानं परत दिला. ट्रॅक्टर माझ्या हातून गेला, आणि त्याची फिर्याद कुठंच दाखल नाही.