हरकाऱ्याच्या पायाचा जोडा

आमच्या मालकाचं नाव भुजंग. बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, पण या वयात आता मला कोण बोलणार? आन् नाव घेतल्याबिगर सांगू तरी कसं?

तर भुजंग चारठाण्याचे हरकारे व्हते. गावातली डाक किशनराव मास्तर बघायचे. त्यांच्याकडून थैली घ्यायची, खांद्यावर टाकायची, घुंगराची काठी धरायची आन् पळत सुटायचं. जिंतूरचा हरकारा अर्ध्या वाटंवर आंब्याखाली यायचा. तिथं थैल्या बदलायच्या आन् तसंच पळत माघारी. वाट कसली, निस्ती काळी माती, खडक आन् बाभळीचे काटे.

त्यांना एका जागी बसणं ठाऊकच न्हवतं. पायाला भिंगरी बांधलेली. जेवायला बसले तरी एक पाय हालायचाच. मी म्हणायची, अवो, भाकरी कुटं पळून जायली का? तर पाय दोन घास थांबायचा आन् पुन्हा सुरू. अनवाणी पळून पळून पंजा सुपावाणी पसरलेला, बोटं चार दिशेला. रात्री मी काटे काढायची आन् शिव्याबी द्यायची.

निजामाचं राज गेलं, डाक हिंदुस्थानची झाली, आन् एक नवा साहेब आला. माणूस वाईट न्हवता, पण शिस्तीचा लय. त्यानं भुजंगच्या टाचंच्या भेगा बघितल्या आन् हुकूम सोडला. सरकारी थैली अनवाणी माणसानं न्यायची न्हाई. पुढल्या महिन्यात मी आंब्याखाली घड्याळ घेऊन बसतो. पायात जोडा घालून टायमावर आलास तर नोकरी तुझी, न्हाई तर सायकलवाला ठेवू.

झालं! तवापासून घराला चैन न्हाई. आमची जमीन म्हंजे खडकाची पट्टी, घर चालायचं ते डाकेवर. मला घराची फिकीर, आन् त्यांना वेगळीच. पळणं गेलं तर मी करू काय, असं आढ्याकडं बघून म्हणायचे.

गावच्या सूर्यभानकडून वहाणा करून घेतल्या. नांगरामागं चालायला झकास, पण पळायला लागलं की टाच फटाफटा आपटायची आन् अंगठा सोलून निघायचा. मग कुणाच्या तरी मेहुण्याचे पलटणीतले बूट मागून आणले. ते इतके जड की भुजंग गावाच्या शिवेपस्तोर गेले आन् बूट हातात घेऊन परत आले. मी हसले. त्यांना लय राग आला, दोन दिवस बोलले न्हाईत.

शेवटी किशनराव मास्तर परभणीला निघाले, तवा त्यांच्यापाशी माप दिलं. आमच्याकडं माप म्हंजे कडब्याची काडी. पायाच्या लांबीएवढी मोडायची आन् जाणाऱ्याच्या हाती द्यायची. काडीला लांबी कळती, रुंदी कुटं कळती? मास्तरांनी क्यानवासचे पांढरे बूट आणले, रबराच्या तळाचे. लांबीला बरोबर, आन् रुंदीला असे की करंगळी आत दुमडून बसायची. घातले की तोंड कडू करून चालायचे. पण तळ मात्र त्यांना आवडला. म्हणाले, खाली ढग बांधल्यावाणी वाटतंय.

आता नवी वहाण चावली की आमी तिला करडीचं तेल पाजतो. कातडं मऊ पडतं, पायाचं ऐकायला लागतं. हे शहाणे! साहेब यायच्या आदल्या दिवशी मी कापूस वेचून घरी आले तर फोडणीचं सगळं तेल परातीत ओतलेलं, आन् त्यात दोन्ही बूट पालथे घालून हे उकिडवे बसलेले, पाय हालवत. मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी कोरडी भाकरी खाल्ली आन् मनसोक्त भांडले. भुजंग निस्ते बूट दाबून दाबून बघत व्हते. मऊ झाले गं, म्हणाले.

मऊ झालेच व्हते. क्यानवास मऊ, तळ चिकटवलेली खळ मऊ, रबरबी मऊ.

दुसऱ्या दिवशी मी ओढ्याकडच्या रानात वेचणीला गेले. जीव ठिकाणावर न्हवता. घुंगराचा आवाज आला, जवळ आला, आन् ओढ्यापाशी थांबला. हरकारा वाटंत थांबतो कशाला? मी धावले. भुजंग दगडावर बसलेले. पायात वरचं फडकं लोंबत व्हतं आन् दोन्ही तळ हातात. डोळ्यांत पाणी. लग्न झाल्यापासून त्यांच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं न्हवतं.

"संपलं, कोकिळे," म्हणाले. "अनवाणी गेलो तर हाकलंल, आन् न्हाई गेलो तरी हाकलंल."

मला असा संताप आला म्हणता! साहेबाचा, बुटाचा, तेलाचा, समद्यांचा. कंबरेला कापसाची ओटी बांधलेली व्हती, जुन्या लुगड्याची. कापूस तिथंच ओतला आन् ओटी टराटरा फाडली. तळ पायाखाली धरले, वरून पट्ट्या आवळल्या, टाचंमागून गाठ मारली. बोटं मोकळीच राहिली, झाकायला कापडच पुरलं न्हाई.

"पळा," मी म्हणले.

पळाले. घुंगराचा आवाज ऐकत मी तिथंच उभी राहिले. असा आवाज मी कधी ऐकला न्हवता, कुटं अडखळणं न्हाई. कापूस मातीत सांडलेला मला नंतर दिसला.

आंब्याखाली काय झालं ते त्यांनीच सांगितलं. साहेबानं घड्याळ बघितलं, मग पाय बघितले, आन् इचारलं की जोडा कुटं हाय. भुजंग म्हणाले, "साहेब, पायाखाली रबर हाय आन् मी टायमावर हाय. याला जोडा म्हणायचं का न्हाई ते तुमी ठरवा." साहेबानं वाकून पायाखालचं रबर बोटानं दाबून बघितलं. मग म्हणाला, नीट शिवून घे. नोकरी राहिली.

आता पायाला काय पाहिजे ते कळलं व्हतं. खाली रबर, वर बोटं मोकळी. भुजंगनं मोटारीचं जुनं टायर मिळवलं. सूर्यभानला काडी न्हाई दिली, टायरवर उभे राहिले आन् पंज्याभोवती कोळशानं रेघ मारायला लावली. वर दोन पट्टे, मागं बंद. काय वहाणा झाल्या! काटा आत यायचा न्हाई, चिखलात घसरायच्या न्हाईत, झिजायचं तर नावच न्हाई. मला काटे काढायचं काम उरलं न्हाई. कितीतरी सालं त्याच वहाणांवर डाक पळाली.

मग सडक झाली. एस.टी. आली. आन् एक दिवस किशनराव मास्तर घरी येऊन खाली मान घालून म्हणाले, उद्यापासून थैली गाडीतून जाणार. टायरवर भुजंग पळाले, आन् टायरवालीच त्यांची थैली घेऊन गेली. वहाणा तशाच धडधाकट, वळचणीला टांगलेल्या.

लेकरं तवा हाताशी आली व्हती, पोटाची काळजी न्हवती. पण माणूस बघवत न्हवता. गाडीचा भोंगा वाजला की ताडकन उठायचे, दारापस्तोर जायचे आन् परत बसायचे. जेवताना पाय हालायचा बंद झाला. जन्मभर ज्या पायावर मी चिडले, तो थांबल्यावर मला भाकरी गोड लागंना.

एक दिवस मी वळचणीच्या वहाणा काढल्या, पुसल्या आन् त्यांच्या पुढं ठेवल्या. म्हणले, मीठ संपलंय, आंब्यापाशी नवं दुकान झालंय तिथून आणा. भुजंगनं चुलीपाशी बघितलं. मिठाचं मडकं काठोकाठ भरलेलं, वर झाकणसुद्धा न्हवतं. त्यांनी मडकं बघितलं, मला बघितलं, आन् वहाणा पायात घातल्या. घामाघूम होऊन आले, हातात मिठाची पुडी. रात्री जेवताना पाय हालायला लागला.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायच्या आधीच ते वहाणा घालून दारात उभे.

"कोकिळे," म्हणाले, "आज काय संपलंय?"