जात्याचा सूर

मुमताज परातीत भाकरी थापत होती, तवा तापला होता आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

"तू तवा सांभाळ," म्हणत नवरा मुबीन उठला.

दारात अंकिता. गल्लीच्या टोकाला गाण्याचा क्लास चालवणारी. गेल्या वर्षी क्लासच्या वाद्यवृंदात तिनं मुमताजला घेतलं नव्हतं. "भाभी, पेटी वाजवता छान, पण कागदावरचे कॉर्ड वाचता येत नाहीत ना!" मुमताजचे अब्बा बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. त्यांच्या मांडीशी बसून ती नुसतं ऐकत शिकलेली. अंकिताचं ते वाक्य मात्र वर्षभर सलत होतं.

"भाभी, आज अकरा वाजता शाळेत कार्यक्रम आहे. वळसंगच्या गोजाबाई ओव्या म्हणणार. साथीला क्लासची मुलं आहेत, त्यांना मी कॉर्ड लिहून दिलेत, पण बाई परवा काळी दोनच्या पट्टीत गायल्या, काल पांढरी चारच्या. मुलं कागद बघतात, बाई पुढं निघून जातात."

"मग बाईंनाबी एक कागद द्या की," मुबीन म्हणाला. अंकिताला हसूही येईना. "भाभी, तुम्ही ऐकून वाजवता. साथीला याल?"

"आलेच," मुमताज म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

शाळेत गोजाबाई हिरमुसून बसल्या होत्या. "घरी बरं येतं गं. हितं जमंना."

"घरी कशावर म्हणता?"

"जात्यावर की! हात फिरल्याबिगर गळा फिरतोय व्हय?"

मुमताज पेटी उघडता उघडता थांबली. "तुमचं जातं कसं वाजतं? करून दाखवा बरं."

गोजाबाई लाजल्या, मग ओठ मिटून घुमल्या. मुमताजची बोटं पट्ट्यांवरून सरकत त्या घुमण्यावर जाऊन थांबली. खालचे दोन सूर धरून तिनं भाता चालवला, एकदा जड, एकदा हलका. पेटी जात्यासारखी घरघरू लागली. गोजाबाईंचा हात मांडीवर आपोआप गोल फिरला आणि गळा मोकळा झाला.

अकराला मुमताजला मुलांच्या मागं, कागदांच्या स्टँडाआड जागा मिळाली. तिथूनच तिनं सात ओव्या निभावल्या. माहेरच्या ओवीला बाई भरात येऊन अचानक वर चढल्या, तर पेटी त्यांच्यासोबतच चढली. मुलांनी कागद कधीच खाली ठेवले होते. सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. गोजाबाई ओरडल्या, "माझं जातं कुटं हाय? म्होरं आणा तिला!"

अंकितानं कॉर्डची वही मिटली. "चुकलंच माझं, भाभी. पुढच्या महिन्यात मंगळवेढ्याला कार्यक्रम आहे. याल ना? काय लागेल ते सांगा."

"येईन की," मुमताज म्हणाली. "फक्त मला गोजाबाईंच्या शेजारी बसवा. मागून त्यांचं तोंड दिसत नाही."