अशुभ न बोलणारा विमेवाला

नानाजी आयुष्यभर विमा विकत होते, पण भिंत पडेल, घर जळेल, माणूस मरेल, असं त्यांच्या तोंडून चुकूनही निघालं नाही. आग लागणं म्हणजे त्यांच्या भाषेत ‘गरम-नरम’. भिंत पडणं म्हणजे ‘खालीवर होणं’. आपल्याकडे म्हण आहे, शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. या माणसासमोर खरोखर मांडव पेटला असता तरी तो म्हणाला असता, “उजेड मस्त पडून राह्यला!” राळेगावात सगळ्यांना त्यांचं मोठं कौतुक. मला नव्हतं. आजही नाही.

मी नर्स आहे. मला आडून बोलता येत नाही. बाळ पोटात आडवं असेल तर मी आडवं आहे असंच सांगते आणि गाडी बोलावते. नवरा उमरखेडच्या एसटी डेपोत, आठवड्यातून एकदा घरी येणारा. त्यामुळे प्लॉटवर घर बांधायला काढलं तेव्हा मिस्त्री, रेती, विटा, भिंतींवर पाणी मारणं, सगळं माझ्याच डोक्यावर. कंत्राटदार नव्हताच. बँकेने कर्ज देताना चालू बांधकामाचा विमा काढायला लावला, म्हणून नानाजी आमच्याकडे आले. फॉर्मवर सही घेण्याआधी त्यांनी कागदाला गंध लावलं.

“सिस्टर, हा कागद पेटीत ठेवा अन् इसरून जा. याचं काम पडूच नये.”

“पण काम पडलं तर पैसे केव्हा मिळतात, केव्हा मिळत नाहीत, ते तर सांगा.”

“कायले तसं बोलाचं? वास्तू तथास्तु म्हनते, मालूम हाय ना?”

कागद इंग्रजीत होता, अक्षर मुंगीएवढं. मी वाचला नाही. ती माझी चूक, आणि ती मी कधी दुसऱ्याच्या माथी मारली नाही.

भिंती स्लॅबच्या उंचीला आल्या आणि सासूबाईंनी अक्षय तृतीयेचा धोशा लावला. त्याच दिवशी वास्तू झाली पाहिजे! मी म्हटलं, “आई, अजून वर छत नाही.” तर म्हणाल्या, “छत नाई त काय झालं? सैपाकघरावर पत्रे टाक.” नानाजी तिथेच होते. त्यांनी लगेच री ओढली, “आजी बराबर म्हनतात. असा दिवस सोडू नये.”

झालं. पत्रे टाकले, दूध उतू घातलं, सत्यनारायण केला. नानाजी पंगतीला बसले, पुरणपोळीवर दोनदा तूप मागून घेतलं, टोपी-दुपट्ट्याचा मान घेतला. वास्तू केलेलं घर रिकामं ठेवायचं नसतं, म्हणून सासूबाईंनी खाट आणि शेगडी तिथेच मांडली आणि त्या एकट्या तिथे झोपू लागल्या. मी भाड्याच्या खोलीतच होते. नानाजींनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. जाताना वर सांगून गेले, “आजी, रोज दिवा लावत जा.”

पंधरा दिवसांनी भर दुपारी वादळ आलं. पश्चिमेची अख्खी भिंत आडवी झाली, पत्रे शेजारच्या वावरात जाऊन पडले. सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. पावसाळा तोंडावर होता. भिंत उभी झाल्याशिवाय स्लॅब नाही, आणि स्लॅब टाकल्याशिवाय बँक पुढची रक्कम सोडणार नव्हती. माझी सगळी भिस्त त्या विम्यावर होती.

यवतमाळहून नुकसान पाहायला विमा कंपनीचा माणूस आला, सोबत नानाजी. त्याने खाट पाहिली, शेगडी पाहिली, कोनाड्यातला देव पाहिला. “इथे कोणी राहते का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “सासूबाई झोपतात. वास्तू झाली ना.” त्याने लिहून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, घरात राहायला आलं की चालू बांधकामाचा विमा संपतो. तशी अटच आहे.

मी नानाजींकडे वळले. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“मालूम होतं, सिस्टर.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“मंगल कार्य होतं. भरल्या घरात तसं कसं बोलाव?”

माझं डोकंच फिरलं. “मेल्या, तूप मागताना तोंड उघडत होतं ना!” मी त्या परक्या माणसासमोर ओरडले. सासूबाई मलाच गप्प करू लागल्या. नानाजी मान खाली घालून चपला शोधत होते. त्या पावसाळ्यात उरलेल्या तीन भिंतींवर ताडपत्री टाकून मी रोज त्यांच्या नावाने बोटं मोडली. रस्त्यात दिसले तर मी तोंड फिरवायची.

तीन वर्षांनी ते आमच्या दवाखान्यात आले. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. नागपूरच्या हॉस्पिटलचे कागद मी वाचले होते. घरच्यांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं, ज्याला त्याला एकच पाठ केलेलं वाक्य, “आता बरे होऊन राह्यले.” बायको औषध आणायला बाहेर गेली तसा त्यांनी माझा हात धरला.

“सिस्टर, बाकी कोनी सांगत नाई. तुमी सांगा.”

दया आली म्हणून सांगितलं असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांचा राग होता, तो बाहेर आला. “नानाजी, तुम्ही वाचणार नाही. महिना निघाला तर खूप.”

त्यांनी माझा हात सोडला. मग पोराला हाक मारून म्हणाले, “घरून माही बॅग आन.” गावभर विमे काढणाऱ्या या माणसाने स्वतःच्या पॉलिसीवर वारसाचं नाव लावलं नव्हतं, मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि घराच्या जागेवर भावाचा दावा होता. सगळं अशुभ म्हणून राहिलेलं. चार दिवसांत त्यांनी खाटेवरून सगळ्या सह्या केल्या, वाटणीच्या कागदावर भावाचीही घेतली. पंचविसाव्या दिवशी गेले.

तेराव्यानंतर त्यांची बायको आली आणि माझ्या पाया पडू लागली. “ताई, तुमी तोंडावर सांगतलं म्हनून मी घरात हाव. नाई त दीरानं बाहीर काढलं असतं.”

मी तिला उठवलं, चहा दिला. ती गेल्यावर पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसले. ही भिंत मी कर्ज काढून दुसऱ्यांदा बांधली आहे. मी एक वाक्य बोलले आणि तिचं घर वाचलं. असंच एक वाक्य नानाजींनी आमच्या वास्तूच्या दिवशी बोलायचं होतं.